चुडाव्यात ब्रेड मशीन घ्यावं का?

रात्री झोपताना पीठ, पाणी आणि यीस्ट भांड्यात टाका, बटण दाबा, सकाळी उठून गरम ब्रेड कापा. ब्रेड मशीनची जाहिरात एवढंच सांगते आणि ते खोटंही नाही. साधारण सहा ते दहा हजारांत मशीन मिळतं, नावाजलेल्या परदेशी कंपनीचं घेतलं तर वीस हजारांच्या पुढे जातं. हप्ते पाडून मिळतात, माल घरपोच येतो. पूर्णा आणि नांदेडच्या मधल्या चुडाव्यासारख्या गावातही आता मिक्सर, फ्रिज, घरघंटी ही नवलाई राहिलेली नाही, तेव्हा एखाद्या घरात ब्रेड मशीनचा विषय निघाला तर आश्चर्य वाटायला नको. माझा सल्ला बहुतेक घरांना 'घेऊ नका' असाच आहे. काही घरांनी मात्र बेलाशक घ्यावं. आपलं घर कोणत्या बाजूला पडतं, हे ठरवायला पुढचा मजकूर उपयोगी पडेल.

आधी घरात ब्रेड लागतो किती, ते पाहा. आपल्याकडे रोजचं ताट भाकरी-पोळीचं. ब्रेड येतो तो काही निमित्ताने: कुणाला ताप आला, लेकराने सँडविचचा हट्ट धरला, पाहुण्यांना ब्रेडपकोडा करायचा ठरला. पूर्णेला किंवा नांदेडला गेलेलं माणूस येताना पुडा घेऊन येतं, आणि त्यातले शेवटचे चार तुकडे बरेचदा बुरशी धरून फेकले जातात. पावभाजी आणि वडापावला लागतो तो लादीपाव, आणि तो हे मशीन भाजून देत नाही. त्याच्या पोटातून एका वेळी एकच उभट चौकोनी ब्रेड निघतो, त्याच्या तळाला पातं रुतल्याचं भोक असतं. कापायची सुरीही वेगळी, दात असलेली लागते, नाहीतर ताज्या ब्रेडचा लगदा होतो.

आता हिशेब. 400 ग्रॅम मैद्याचा एक ब्रेड धरू. त्याला साधारण 260 मिली पाणी, 7 ग्रॅम मीठ, 15 ग्रॅम साखर, 20 ग्रॅम तेल आणि 4 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट लागतं. भाजून सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास ब्रेड तयार होतो. सुटा मैदा, तेल, यीस्ट आणि जेमतेम अर्धा युनिट वीज असं सगळं धरून खर्च तीस रुपयांच्या जवळ जातो. दुकानात 400 ग्रॅमचा पुडा चाळीस-पन्नासला, म्हणजे तेवढ्याच वजनाला पासष्ट-सत्तर रुपये पडतात. एका ब्रेडमागे पस्तीस-एक रुपये वाचले. मशीन आठ हजारांचं असेल तर पैसे वसूल व्हायला सव्वादोनशेहून जास्त ब्रेड करावे लागतील. आठवड्याला दोन केले तर सव्वादोन वर्षं. महिन्याला एक केला तर एकोणीस वर्षं! तोपर्यंत भांड्याचा न चिकटणारा थर निघून गेलेला असतो, आणि ज्या लेकरासाठी मशीन घेतलं ते संसाराला लागलेलं असतं. तुमच्या दुकानातले भाव घालून हा हिशेब पुन्हा मांडा. आकडे थोडे हलतील, निष्कर्ष फारसा हलणार नाही.

पैसे वाचवण्याचं कारण असं गळून पडतं. उरतं ते ताज्या, घरच्या, आत काय घातलंय ते माहीत असलेल्या ब्रेडचं. या कारणात दम आहे. 2016 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातले ब्रेड तपासले, बहुतेक नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेटचा अंश सापडला, आणि त्याच वर्षी ब्रोमेटच्या वापरावर देशात बंदी आली. 'ब्राउन ब्रेड' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्याचा रंग कैकदा कोंड्याचा नसून कॅरामलचा असतो; पुड्यावरची बारीक अक्षरं वाचली की कळतं. घरी केलेल्या ब्रेडमध्ये असलं काही नसतं. पण घरच्या मैद्याचा ब्रेडही मैद्याचाच असतो, एवढं लक्षात ठेवा. मधुमेह असलेल्याला तो 'घरचा आहे' म्हणून चालतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

हे यंत्र मुळात कुणाच्या स्वयंपाकघरासाठी घडलं, ते समजलं की आपल्याकडे ते कुठे अडतं तेही समजतं. घरगुती ब्रेड मशीन जपानमध्ये जन्मलं. 1985 च्या सुमारास ओसाकाची मात्सुशिता कंपनी, म्हणजे आजची पॅनासोनिक, या यंत्रावर काम करत होती. भाजणं जमत होतं, मळणं जमेना. ब्रेडचं कवच करपायचं आणि आतला भाग कच्चा राहायचा. यंत्राने मळलेल्या आणि बेकरीवाल्याने मळलेल्या पिठाचे क्ष-किरण फोटो काढून ताडून पाहिले, तरी उलगडा होईना. तेव्हा इकुको तानाका या सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या बाईंनी ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरीवाल्याकडे शिकायला जायचं ठरवलं. तो पीठ नुसतं दाबत नव्हता, ते ओढून पिळा देत होता. तो पिळा यंत्रात आणायला भांड्याच्या आतल्या बाजूला उंचवटे बसवावे लागले. 1987 मध्ये मशीन बाजारात आलं आणि धडाक्याने खपलं. पुढे अमेरिकेत नव्वदच्या दशकात त्याची लाट आली, आणि त्यातली पुष्कळ मशीनं काही वर्षांत गॅरेजमध्ये जाऊन पडली.

म्हणजे या यंत्राने ओसाकाच्या कारागिराचा हात उचलला आहे. तो हात चांगल्या ताकदीच्या पांढऱ्या पिठाचा, एकसारख्या हवेचा आणि न जाणाऱ्या विजेचा. चुडाव्यात या तिन्ही गोष्टी बदलत्या आहेत.

पिठापासून सुरू करू, कारण बहुतेकांची निराशा तिथेच होते. आपल्याकडे घरचा गहू गिरणीवर दळून आणायची पद्धत. लोकवन असो की आणखी कुठला, चक्कीच्या दगडांत दळताना पीठ तापतं, गव्हातला स्टार्च मोठ्या प्रमाणात तुटतो आणि तुटलेला स्टार्च पाणी भराभर पितो. पोळी मऊ राहते ती यामुळेच. ब्रेडला मात्र गव्हातल्या प्रथिनांची लवचीक जाळी लागते, जिच्यात यीस्टने तयार केलेला वायू अडकून राहील. कोंड्याचे कण ती जाळी फाडतात. त्यामुळे पुस्तिकेतली मैद्याची कृती घेऊन तुम्ही त्यात कणीक टाकली तर पाणी कमी पडतं, मोटर घरघरते आणि बाहेर येते ती वीट. बन्सी किंवा खपली गव्हाचं पीठ तर याला आणखीच नाराज करतं. त्या गव्हाचा चिकटपणा शेवयांना आणि खिरीला चांगला, फुगायला नाही.

उपाय आहे. दळण आणल्यावर पीठ पूर्ण गार होऊ द्या, मैद्याच्या चाळणीने चाळून जाड कोंडा काढा, आणि पहिल्यांदा निम्मी कणीक, निम्मा मैदा घ्या: 200 अधिक 200 ग्रॅमला 280 मिली पाणी. ते जमलं की कणकेचा वाटा वाढवा. पूर्ण कणकेच्या ब्रेडला 400 ग्रॅमला 310 ते 320 मिली पाणी लागतं. पीठ आणि पाणी एकत्र करून अर्धा तास नुसतं झाकून ठेवायचं आणि मग मळायला लावायचं, म्हणजे कोंडा आधीच भिजून मऊ होतो. यंत्र सुरू झाल्यावर पाच-सात मिनिटांनी झाकण उघडून बघायलाच हवं. गोळा भांड्याला न चिकटता गुळगुळीत फिरत असेल तर ठीक. कोरडे तुकडे दिसले तर चमचा-चमचा पाणी, चिखल दिसला तर चमचाभर पीठ. हे बघणं टाळून 'बटण दाबा आणि झोपा' करता येतं, पण ते मैद्याशी आणि एकदा पक्क्या बसलेल्या मापाशी. माप वाटीने घेऊ नका. तीन-चारशे रुपयांचा छोटा वजनकाटा आणा. यंत्राला हात नसतो, आणि वाटी दाबून भरली की शिगोशीग यावर तीस-चाळीस ग्रॅम इकडचे तिकडे होतात.

ज्वारीचं काय, हा प्रश्न मराठवाड्यात येणारच. ज्वारीत ती लवचीक जाळी तयार करणारी प्रथिनं नसतात. म्हणून तर भाकरीला आधण लागतं, म्हणून ती लाटण्याऐवजी थापायची, आणि म्हणून नव्या सुनेची पहिली भाकरी काटवटीतच चिरते. नुसत्या ज्वारीचा फुगलेला ब्रेड करायचा तर इसबगोलसारखा चिकट पदार्थ घालावा लागतो, आणि जे निघतं त्याला ब्रेड म्हणायला मोठं मन लागतं. पण 400 ग्रॅमपैकी 80 ग्रॅमपर्यंत ज्वारी झकास खपते. भाकरीला करतो तसंच करायचं: 80 ग्रॅम ज्वारीच्या पिठावर 120 मिली उकळतं पाणी ओतून चमच्याने ढवळायचं, गार करायचं आणि तो गोळा 320 ग्रॅम मैद्यात उरलेल्या दीडशे-एकशे साठ मिली पाण्यासोबत टाकायचा. आधणाने स्टार्च फुलून पाणी धरून ठेवतो आणि ब्रेड दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. जपानी आणि चिनी बेकरीवाले गव्हाच्या पिठालाच असं आधण घालतात. आपल्या आज्यांना ते वेगळ्या कामासाठी आधीपासून ठाऊक होतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने लोह आणि जस्त जास्त असलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा वाण काढला आहे. तो घरात असेल तर तोच वापरा. तरी भाकरी सोडून ज्वारी ब्रेडमध्ये घालायला निघालेल्याला मी आधी भाकरीच खायला सांगेन.

दुसरी गोष्ट हवामान. यीस्ट सजीव आहे. पिठाचं तापमान 26 ते 28 अंश असताना ते सगळ्यात समजूतदार वागतं. परभणी-नांदेडच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो, नळाचं पाणीच कोमट येतं. मशीनच्या आत मोटरची ऊब वेगळी. पीठ ठरल्या वेळेच्या फार आधी फुगून बसतं आणि भाजायची वेळ येईपर्यंत खाली कोसळतं. माथ्यावर खड्डा पडलेला, आंबूस वासाचा ब्रेड निघाला तर हेच झालं असं समजा. उन्हाळ्यात फ्रिजमधलं गार पाणी घ्या, यीस्ट चारऐवजी अडीच-तीन ग्रॅमच घाला, आणि मशीनमध्ये 'रॅपिड' म्हणजे जलद कार्यक्रम असेल तर तो निवडा. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा कधी कधी एक आकडी होतो; तेव्हा पाणी कोमट, बोटाला सोसेल इतकंच. कडकडीत नको, साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरतं. रात्रभराचा टायमर लावणार असाल तर दूध आणि अंडं घालू नका. उन्हाळ्यात सहा तास खोलीच्या उकाड्यात राहिलेलं दूध काय होतं ते सांगायला नको.

घरच्या ब्रेडमध्ये बुरशी थोपवणारं रसायन नसतं. उकाड्यात तिसऱ्या दिवशी ब्रेडचा आतला भाग चिकट होऊन त्याला पिकलेल्या फळासारखा वास येऊ लागला, तुकडा तोडताना तार निघाली, की तो सरळ टाकून द्या. तो एका जातीच्या जिवाणूंचा प्रताप असतो, भाजून पुन्हा खाण्यासारखा राहत नाही. पिठात चमचाभर व्हिनेगर घातलं तर हा त्रास कमी होतो. ब्रेड पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका आणि पिशवीत बांधू नका. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलेला ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळवटतो. ठेवायचाच तर कापून बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि लागेल तेवढे तुकडे तव्यावर गरम करा. यीस्टचं उघडलेलं पाकीटही घट्ट डबीत घालून तिथेच ठेवायचं, म्हणजे महिनोन् महिने टिकतं.

तिसरी गोष्ट वीज, आणि इथे चुडाव्याच्या माणसाला मी काय शिकवणार! साधा ब्रेड व्हायला तीन ते चार तास लागतात. मळणं, फुगणं, पुन्हा दाबणं, पुन्हा फुगणं आणि शेवटचा तासभर भाजणं. मधे लाईट गेली आणि दहा-पंधरा मिनिटांत आली तर बरीच मशीनं जिथे थांबली तिथून पुढे चालतात. त्याहून जास्त वेळ गेली तर यंत्र सगळं विसरतं. पीठ मळून झालेलं असेल तर ते काढून डब्यात ठेवून गॅसवर भाजता येतं. अर्धं भाजलेलं असताना गेली तर फारसं काही वाचत नाही. डीपी जळाली तर प्रश्नच मिटला. मशीनला वीज लागते साधारण 500 ते 650 वॅट, म्हणजे इस्त्रीपेक्षा कमी, आणि घरगुती इन्व्हर्टर ती ओढूही शकेल, पण तासभर भाजण्यात बॅटरी बसेल आणि रात्री पंख्याला काही उरणार नाही.

कमी दाबाचा त्रास त्याहून छुपा. आजूबाजूच्या शेतांत मोटारी सुरू झाल्या की दिवे मंदावतात ते आपण पाहतोच. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर उष्णता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी होते. यंत्र मात्र घड्याळ बघून भाजतं. वेळ झाली की बंद. मग वरून फिका, आतून ओलसर ब्रेड निघतो आणि आपण यीस्टला दोष देतो. दाब पूर्ण असेल ती वेळ हेरून मशीन लावा, आणि घराला अर्थिंग नीट आहे की नाही ते आधी वायरमनकडून बघून घ्या.

मशीन न घेता ब्रेड करायचा तर? मळण्याचं काम वेळेकडे सोपवता येतं. 2006 साली न्यू यॉर्कच्या जिम लेही या बेकरीवाल्याची न मळण्याची पद्धत तिथल्या वर्तमानपत्रात आली आणि जगभर गेली. पीठ सैलसर भिजवायचं, यीस्ट अगदी पाव चमचा, आणि रात्रभर झाकून ठेवायचं. लवचीक जाळी आपोआप तयार होते. त्यांच्या गार हवेत बारा ते अठरा तास लागतात, आपल्या उन्हाळ्यात पाच-सहा तासांतच भांडं काठोकाठ येतं. मग हात ओला करून चार बाजूंनी घडी घालायची, तेल लावलेल्या डब्यात ठेवायचं, अर्धा-पाऊण तास फुगू द्यायचं. भाजायला जुनं जाड बुडाचं पातेलं चालतं: तळाला मीठ किंवा वाळूचा थर, त्यावर स्टँड, झाकण लावून दहा-बारा मिनिटं तापवायचं, आत डबा ठेवून मंद-मध्यम आचेवर चाळीस ते पन्नास मिनिटं. वरून रंग कमी येतो, तो तव्यावर उलटा ठेवून आणायचा. नवा कुकर यात घालू नका, कोरडा तापवल्याने त्याचं रूप जातं.

आणि पैसे खर्चच करायचे असतील तर त्याच किमतीत 25-30 लिटरचा ओव्हन येतो. त्यात ब्रेड होतो, लादीपाव होतो, नानकटाई, केक, खारे शेंगदाणे, भाजलेलं वांगं, सगळं होतं. दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडे बायका रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जातात आणि मजुरी देऊन डबाभर बिस्किटं भाजून आणतात. भट्टी बेकरीवाल्याची, ऐवज घरचा. ही पद्धत जिथे अजून चालू आहे तिथे ब्रेडही असाच भाजून मिळतो का, ते विचारून बघा. मळलेलं पीठ घेऊन गेलात तर बहुतेक बेकरीवाले नाही म्हणत नाहीत, फक्त भट्टीची वेळ सांभाळावी लागते.

मग घ्यावं कुणी? ज्या घरात आठवड्याला दोन किंवा जास्त ब्रेड खरोखर संपतात, त्यांनी. ज्या बाईचं मनगट किंवा खांदा दुखतो आणि मळायला दुसरं कुणी नाही, तिने. मशीनचा 'डो' नावाचा कार्यक्रम फक्त मळून आणि फुगवून देतो, पुढे लादीपाव वळा, नान करा, पिझ्झा करा. रक्तदाबामुळे मीठ मोजून खाणाऱ्या माणसाच्या घरातही उपयोग आहे, कारण 7 ग्रॅमच्या जागी 4 ग्रॅम मीठ घालता येतं. अगदी शून्य करू नका, पीठ बेताल फुगून बसतं. पोळीच्या कणकेसाठी मात्र घेऊ नका. एका वेळी चार-पाचशे ग्रॅम कणीक मळायला ते पंधरा मिनिटं घेतं, आणि आठ माणसांच्या घरात तेवढ्या वेळात परातीत कणीक तिंबून पहिली पोळी तव्यावर पडलेली असते.

परदेशातला मुलगा किंवा भाचा मशीन आणतो म्हणाला तर त्याला एकच विचारा: कुठून? आखाती देशांतलं 220-240 व्होल्टचं असतं, पिन बदलली की चालतं. अमेरिकेतलं 120 व्होल्टचं. ते आपल्या सॉकेटमध्ये लावलं तर क्षणात जळतं, आणि चालवायला हजार वॅटचा जड ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. शिवाय तिथली वीज 60 हर्ट्झची, इथली 50 ची. त्यामुळे काही मोटारी हळू फिरतात. त्याला म्हणावं, त्या पैशांत इथलंच घेऊन दे.

दुकानात किंवा मोबाईलवर घेताना बटणांची संख्या बघू नका. पंधरा कार्यक्रमांतले चार वापरले जातात. नुसतं मळणं, नुसतं भाजणं असे वेगळे कार्यक्रम आहेत का, लाईट गेल्यावर किती मिनिटं लक्षात ठेवतं, भांडं आणि पातं सुटं विकत मिळतं का, आणि दुरुस्तीचं केंद्र नांदेड-परभणीत आहे की छत्रपती संभाजीनगरला पाठवावं लागेल, हे विचारा. या यंत्रात आधी जातात ते भांड्याखालचा दांडा, त्याचं रबर आणि आतला पट्टा. ते मिळत नसतील तर उरलेल्या यंत्राला भंगाराचाच भाव.

बचत गटाच्या ताईंसाठी दोन शब्द. ब्रेड विकायचा विचार असेल तर हे मशीन तुमच्या कामाचं नाही. दिवसभर चालवलं तरी चार-पाच ब्रेड, आणि घरगुती यंत्र धंद्याला वापरलं तर वॉरंटीही बहुधा जाते. धंद्याला पीठ मळायचा मोठा मिक्सर आणि दोन-तीन ट्रे मावणारी भट्टी लागते, अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अशा यंत्रसामग्रीला 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलेलं आहे. सध्या अर्ज घेत आहेत का, ते तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय परभणीतच आहे. यंत्र घेण्याआधी तिथे जाऊन माहिती घ्या.

आणि ज्यांनी हौसेने मशीन घेऊन ते कपाटावर चढवून ठेवलंय, त्यांनी ते या रविवारी खाली उतरवावं. पात्याखालचं वाळलेलं पीठ कोमट पाण्यात भिजवून काढा, निम्मी कणीक-निम्मा मैदा घालून फक्त मळायच्या कार्यक्रमावर लावा आणि लादीपाव वळून बघा. महिनाभरात हात बसला तर ठेवा. नाही बसला, तर पट्टा कडक व्हायच्या आत आणि वॉरंटी संपायच्या आत विकून टाका.